निरोपाच्या मागची जागा

१

घरातून सगळ्यात शेवटी मी बाहेर पडते. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, तो सकाळी लवकर निघतो आणि जाताना खारूला शाळेत सोडतो. मग मी ओटा आवरते, खारूचं दुपारचं खाणं टेबलावर झाकून ठेवते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर जी पेटी बसवली आहे, तिचं बटण दाबून निरोप ठेवते. "झाकलेलं खाऊन घे. ताट घासायला टाक. मी येतेच." खारू शाळेतून आली की बाजूचं बटण दाबून ते ऐकते. मी संध्याकाळी पोचेपर्यंत दोन-तीन तास ती घरात एकटीच असते.

खारू माझ्या नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. आठ वर्षांची आहे. पेन्सिली, बिस्किटं, शर्टाची तुटलेली बटणं, जे हाती लागेल ते खारीसारखं कुठेतरी दडवते, म्हणून बापाने हे नाव पाडलं. मला ती काकू म्हणते. लग्नाला दोन वर्षं झाली, मी वाट बघतेय. कुणी म्हणेल, एका हाकेने असा काय फरक पडतो? ज्यांना ती हाक फुकटात मिळाली त्यांनी खुशाल म्हणावं.

पेटीचं नाव निरोप्या. हा आमच्याच कंपनीचा माल आहे. बाहेरच्या दारावर कॅमेरा आणि बोलायची जाळी, आत दाराशेजारी छोटा पडदा आणि तशीच जाळी, आणि स्वयंपाकघरात ही पेटी. आता कितीतरी घरांत ती बसली आहे, पण आमच्याकडे आहे ती अगदी पहिली, चाचणीसाठी बनवलेली. तिच्या आतला सगळा प्रोग्राम खारूच्या आईने लिहिला. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. ती आजाराने गेली आणि तिची खुर्ची मला मिळाली. मग तिचा कोड सांभाळायला मिळाला. पुढे तिचा नवरा, तिचं घर, तिने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेले तिचे डबे. कोरं करकरीत असं माझ्या नशिबात काही आलंच नाही.

त्या सकाळी निरोप बोलता बोलता गॅसवरचं दूध वर यायला लागलं. बटणावरचा अंगठा न काढता मी दुसरा हात लांब केला, तो पुरला नाही, आणि दूध सगळं ओट्यावर. संध्याकाळी घरी आल्यावर, नीट साठवलं गेलं होतं का ते बघायला मी निरोप पुन्हा लावला. माझाच आवाज. झाकलेलं खाऊन घे, ताट घासायला टाक, मी येतेच. मग वैतागून म्हटलेलं "मेलं दूध!" आणि त्याला लागूनच कुणीतरी हलकेच श्वास घेतला.

"आणि खिडकी लावून घे, हं."

तो आवाज मी हजारांत ओळखला असता. नव्या माणसांना शिकवायला तिने रेकॉर्ड करून ठेवलेले धडे ऐकूनच मी हे काम शिकले आहे. किंचित घोगरा आवाज, आणि वाक्याच्या शेवटी समजूत घातल्यासारखा तो हं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. ती लावलेली होती.

२

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. यंत्र भलतंच बोललं तर कुणीतरी भलतंच लिहिलेलं असतं, या समजुतीवर माझं पोट चालतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि चहासुद्धा न घेता तिचा कोड उघडून बसले.

सापडायला फार वेळ लागला नाही. बोलणारा गप्प असेल तेव्हा पेटी काही साठवत नाही, तेवढीच जागा वाचते. पण निरोप किती लांब आहे हे ती ठरवते बटण किती वेळ दाबलं होतं त्यावरून. प्रत्यक्षात साठवलं किती, हे बघतच नाही. समजा, मी तुम्हाला सांगितलं की फळीवर माझे दहा डबे आहेत, आणि ठेवला एकच. मागायला आले तेव्हा तुम्ही न मोजता दहा डबे काढून दिलेत. त्यातला एक माझा, बाकीचे आधी कुणी ठेवले असतील त्याचे. एवढीच चूक होती. जेवढं आहे तेवढंच दे, ही एक ओळ लिहायची राहून गेली होती. शिकाऊ पोरांना ही गोष्ट आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो, तीही तिच्याच आवाजात.

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वर्षानुवर्षं मी ऐकत आले होते, ताईंचा कोड म्हणजे आरसा, ताईंच्या कोडला बोट लावायची सोय नाही. आज मी बोट लावलं आणि ते आरपार गेलं. मी भिंगला हाक मारली. भिंग आमचा चाचणी करणारा. जाड चष्मा आणि दुसऱ्याच्या चुका वेचायची हौस, म्हणून भिंग.

त्याने वाकून ओळी खालीवर केल्या. "हे ताईंनी लिहिलंय?"

"नाही, मांजराने लिहिलंय. वर नाव कुणाचं आहे?"

"ताई असली चूक करणार नाहीत गं. नंतर कुणीतरी हात लावला असेल."

"नंतर हात लावणारी मीच. आणि मी लावलेला नाही."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ही नुसती चूक नाही, हे भोक आहे. नव्या पेट्यांत अख्ख्या इमारतीचे निरोप एकाच ठिकाणी साठतात. कुणी उपद्व्यापी माणूस बटण दाबून नुसता गप्प उभा राहिला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सगळं ऐकेल. किल्ली कुठे ठेवली, गावाला कधी जाणार, सगळं."

आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले दुरुस्त करायलाच हवं, आणि मग छताकडे बघत पुटपुटले, "पण ताईंनी ठेवलं म्हणजे... काही विचार करूनच ठेवलं असेल का?" मला तिथेच किंचाळावंसं वाटलं. बाईने चूक केली तरी तिचंच कौतुक.

घरी जाताना मी त्या आवाजाचाही उलगडा करून टाकला. आम्ही तिघंही पेटीत दोनचार वाक्यांच्या वर कधी बोलत नाही. आमचे निरोप पुढच्या पुढे एकमेकांवर लिहिले जातात आणि पुसले जातात. ती मात्र ऐसपैस बोलत असणार. मागची सगळी जागा अजून तिचीच होती, कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. उलगडा अगदी चोख होता. त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

३

दोन दिवसांनी डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. किल्लीने दार उघडलं. पॅसेजमध्ये लख्ख ऊन आलं होतं आणि घरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती. मला वाटलं खारू झोपली असेल.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी टाचा उंचावून उभी होती. अंगठा बटणावर, कपाळ भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. एक शब्द बोलत नव्हती. शाळेचे बूटही अजून पायात होते. अशी ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे, मग तिने अंगठा उचलला आणि बाजूचं बटण दाबलं. आवाज अगदी बारीक करून ठेवलेला होता. मला नुसती कुजबुज ऐकू येत होती, मध्येच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. खारू तोंडावर हात धरून हसली. माझ्या कुठल्याच बोलण्यावर ती अशी हसलेली मी पाहिलेली नाही.

"काय चाललंय गं?"

ती दचकली. पेटी आपोआप गप्प झाली. "काही नाही काकू."

"कुणाला निरोप ठेवत होतीस?"

"कुणाला नाही. मी बोलतच नाही. नुसतं दाबून ठेवते, खूप वेळ. मग आई बोलते."

आमच्या ऑफिसात शिकलेली माणसं हेच भोक शोधायचा पगार घेतात आणि त्यांना ते दिसलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला सापडलं, कारण तिला पलीकडे कुणीतरी हवं होतं. मी तिच्या दप्तराचा पट्टा खांद्यावरून उतरवला.

"कधीपासून करतेस असं?"

"तू आलीस ना, त्याच्या आधीपासून."

तिला मी खाली खेळायला पाठवलं. मग आवाज मोठा केला, बटणावर अंगठा ठेवला आणि गप्प उभी राहिले. अंगठा दुखायला लागेपर्यंत उभी राहिले. मग ऐकलं.

"...सारखी जीभ लावू नकोस त्या दाताला. हलतोय तर हलू दे. पडला की फेकू नकोस, जपून ठेव, मला दाखव. आणि बाबाला सांग, चष्मा घातल्याशिवाय शिडीवर चढायचं नाही, हं..."

ती गेली तेव्हा खारू चार वर्षांची होती. चार वर्षांच्या मुलीचे दात हलत नाहीत. खारूचा दात आज सकाळी हलायला लागला होता, तिने तो मला आरशासमोर उभं राहून दाखवला होता. मी स्वतःला सांगितलं, तेव्हा आपटली असेल कुठेतरी, मुलं पडतातच. पण माझ्या नवऱ्याला चष्मा लागला तो गेल्या महिन्यात. दुकानात मीच बरोबर गेले होते, फ्रेम मी निवडली होती.

४

नवऱ्याला मी सांगितलं नाही. पुष्कळ वेळा तोंडाशी आलं. रात्री जेवताना तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काय गं, बरं नाहीये का? आल्यापासून त्या पेटीकडेच बघतेस."

"तिच्यात एक चूक निघाली आहे. दुरुस्त करायची आहे."

"तिच्या पेटीत?" त्याचा घास हातातच राहिला. "तिची चूक?"

"का? तिची चूक होऊ शकत नाही?"

"तसं नाही गं." मग थोडं हसून म्हणाला, "हातासरशी पुसून टाकू नकोस हं सगळं."

त्याचा तो हं ऐकला आणि माझं ठरलं. हे त्याने कुणाकडून उचललं ते मला कुणी सांगायला नको होतं. मी त्याला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तो घाबरला असता? छे. तोही बटण दाबून भिंतीला कपाळ टेकून बसला असता. बापलेक आळीपाळीने बसले असते, आणि मी त्यांची ताटं वाढून वाट बघत राहिले असते. जिवंत बाईशी भांडता येतं. ती स्वयंपाकात मीठ विसरते, चिडते, जाड होते. ही बया मेल्यावरही लेकीच्या दाताची चौकशी करत होती आणि मला साधं भांडायलाही जागा ठेवत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती ओळ मी लिहिली. जेवढं आहे तेवढंच दे. पेटी निरोप ऐकवते बरोबर त्या जागी घातली, सुधारलेला प्रोग्राम घरच्या पेटीत चढवला आणि बटण दाबून गप्प उभी राहिले. मग ऐकलं. टक् असा बारीक आवाज आला, बाकी काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा काही नाही. मी पेटीवरून फडकं फिरवलं आणि गाणं गुणगुणत भाजी चिरायला बसले.

ऑफिसात कौतुक झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी दिली, म्हणाले, ताई असत्या तर त्यांनाही अभिमान वाटला असता. मी हसून घेतलं.

खारू रडेल, आदळआपट करेल, याची मी तयारी ठेवली होती. जवळ कसं घ्यायचं, काय समजूत घालायची, सगळं मनाशी घोकलं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्या रडण्याची वाटच बघत होते. रडली की ती कुणाच्या तरी कुशीत शिरणार, आणि घरात कूस माझीच होती. पण तिने पेटीशी उभं राहून एकदा बटण दाबलं, ऐकलं आणि म्हणाली, "बरं."

"काय बरं?"

"काही नाही."

त्यानंतर ती माझ्याशी गोड वागायला लागली. न सांगता ताट उचलायची. बुटांचा पसारा करायची नाही, दारापाशी सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावून ठेवायची. शाळेतून आली की पेटीकडे फिरकायचीसुद्धा नाही. बाहेरच्या खोलीत दाराजवळ जमिनीवर बसून अभ्यास करायची. मी नवऱ्याला म्हटलं, पोर मोठी झाली बघ.

५

रविवारी भर दुपारी नवऱ्याला कामावरून बोलावणं आलं, कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. तो गेला. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते तेवढ्यात भिंगचा फोन आला.

"सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. ती ओळ तू नक्की कुठे घातलीस?"

"पेटी निरोप ऐकवते तिथे."

"तेच म्हटलं. अगं, फळीवरून डबे काढून देणारा आत एकच आहे. त्याच्याकडे मागायला तिघं जण जातात. तू त्यातल्या एकाला अडवलंस. दारावरचं यंत्र अजून तसंच मागतंय आणि तो अजून तसंच देतोय, न मोजता. आवाजही आणि चित्रही. मुळाशी का नाही घातलीस? तू तर असं अर्धवट करत नाहीस."

मला भोक बुजवायचंच नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात एका बाईचं तोंड बंद करायचं होतं. ते बंद झालं आणि मी पुढे काही बघितलं नाही.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाहेरच्या खोलीतून खारूचा आवाज आला, अगदी स्वच्छ, लाडात आलेला.

"आई, थांब जरा. कडी वर आहे, मी स्टूल आणते."

घरात मोठी बाई मी एकटीच होते. फोन माझ्या हातून गादीवर पडला. दोन वर्षं ज्या हाकेसाठी कान लावून बसले होते ती आली होती, तीही कशी, सहज, कामाच्या गडबडीत, जशी सगळ्यांच्या घरात येते तशी. माझे डोळे भरून आले. "आले गं राणी, तू नको चढूस, पडशील," म्हणत मी हातातला टॉवेल तसाच घेऊन धावले.

खारू स्टूल ओढून आणून दाराशी उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती आणि तोंड जाळीशी. माझी चाहूल लागली तशी ती वळली, आणि तिच्या कपाळाला आठी होती.

दाराशेजारचा छोटा पडदा उजळला होता. त्यात आमचा जिना दिसत होता, कठडा, खिडकीतून पायऱ्यांवर पडलेलं ऊन. कुणी नव्हतं. फक्त तळाची दोन बोटं रुंद पट्टी वरच्या चित्राशी जुळत नव्हती. त्या पट्टीत पावलं दिसत होती. बाईची, अनवाणी, एकमेकांना चिकटून ठेवलेली. मी मनाला म्हटलं, भिंग म्हणाला तेच हे. जुनं चित्र, कधीतरीचं, मागे उरलेलं. पुसायचं राहिलेलं, बाकी काही नाही. पण ती पावलं ज्या पायपुसण्यावर उभी होती ते पट्ट्यापट्ट्यांचं होतं, आणि ते मी आज सकाळी पहिल्यांदा बाहेर टाकलं होतं. मी बघत असतानाच त्यातलं एक पाऊल मागेपुढे झालं. घरात शिरण्याआधी आपण पाय पुसतो, तसं.

मी स्टूल घट्ट धरलं. "खारू, दार उघडायचं नाही."

"शू! काकू, हळू बोल ना." तिने माझा दंड धरून मला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड आणलं. पडलेल्या दाताच्या खिंडीतून तिचा श्वास गरम लागत होता. "तू आत जा. प्लीज. मी तिला सांगितलं नाहीये तू इथे राहतेस ते."

जाळी खरखरली. मग तो किंचित घोगरा, समजूतदार आवाज आला. धड्यांमध्ये ऐकला होता, पेटीत ऐकला होता, पण इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता.

"कुणाशी बोलतेस गं? आत आणखी कोण आहे?"

खारूने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. हिला ठेवायचं की नाही, असा विचार करत असल्यासारखं. मला तिला म्हणायचं होतं, सांग ना गं, सांग तिला मी कोण ते.

"कोणी नाही, आई," ती म्हणाली, आणि स्टुलावरची माझी बोटं एकेक करून सोडवायला लागली.